याचा उपयोग काय?



आपल्या परिचय मेळाव्यांच्या पुस्तिका मी आवडीनं वाचते. घरात सध्या लग्नाचं कोणी नाही, तरी वाचते. शिक्षण, उंची, गोत्र, मामाचं गोत्र, अपेक्षा असं सगळं वाचून झालं की मी 'छंद व कला' या रकान्याशी येते. तिथं पानामागून पान तेच असतं: वाचन, संगीत, प्रवास, कुकिंग. एवढी शेकडो मुलं-मुली आणि छंद मेले चारच! 'मला चॉकलेटच्या चांदीची बाहुली अर्ध्या मिनिटात करता येते', 'लिफ्टच्या दाराच्या आवाजावरून कोण आलं ते मी न बघता सांगते', 'मला दोन्ही कान हलवता येतात' असं कोणी लिहीत नाही.

खरं तर असं काहीतरी प्रत्येकीकडे असतं. आमच्या कोथरूडच्या एका इमारतीतच बघा ना. एकीला पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांचे नंबर पाठ आहेत. एक जण मटाराची शेंग एका हातानं सोलते, दुसरा हात मोकळा. एका आजींना घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस तारखेनं येत नाहीत, पण तिथीनं येतात, अगदी सुनेच्या माहेरच्यांचेसुद्धा. आणि 'च'ची भाषा! 'मला'चं 'चलाम' करून तासन्‌तास बोलणाऱ्या आपण सगळ्या आता पन्नाशीला आलो, पण दोघी भेटल्या की अजून जीभ वळते.

यातलं काही कोणाला दाखवलं की आधी हसू येतं, मग कौतुक होतं आणि लगेच प्रश्न येतो, "बरं, पण याचा उपयोग काय?"

मला या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे. माझं म्हणणं असं की, निदान आपण जैन बायकांनी तरी हा प्रश्न जपून विचारावा. कारण 'उपयोग' हा शब्द आपल्याकडे फार मोठ्या अर्थानं आहे आणि तो अर्थ आपण रोज ऐकतो.

महासतीजी विहाराला निघाल्या, पायऱ्या उतरताना कोणी घाई केली, तर काय म्हणतात? "उपयोग ठेवा." म्हणजे लक्ष ठेवा, पायाखाली बघा, भान असू द्या. पाणी गाळताना उपयोग, दार लोटताना उपयोग, ताट घासताना उपयोग. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जीवाचं लक्षण सांगितलं आहे ते हेच, उपयोग. उत्तराध्ययनातही जीवाची ओळख याच शब्दानं करून दिली आहे. जाणणं आणि पाहणं, ज्ञान आणि दर्शन, यांच्याकडे चेतनेचं वळणं म्हणजे उपयोग. टेबलाला उपयोग नसतो. म्हणजे टेबल कामाला येतं, पण टेबलाला 'उपयोग' नसतो, कारण ते अजीव आहे. गंमत बघा, बाजारातल्या अर्थानं जे सगळ्यात उपयोगी, ते शास्त्राच्या अर्थानं उपयोगशून्य!

आता त्या लिफ्टवालीकडे बघा. तिला आवाजातला इतका बारीक फरक कळतो, कारण तिचं लक्ष तिथं गेलेलं असतं. कोणी शिकवलं नाही, कोणी पैसे दिले नाहीत. तिला आपण विचारतो, उपयोग काय? अहो, उपयोगच तर आहे तो.

थांबा, एवढ्यानं मी सुटत नाही हे मला माहीत आहे. उपयोग शुभ असतो, अशुभ असतो आणि शुद्धही असतो. अमक्या वहिनींनी कोणत्या लग्नात कोणती साडी नेसली होती आणि तीच पुन्हा कुठं नेसली, हे वीस वर्षांचं अचूक सांगणाऱ्या बायका माझ्या परिचयाच्या आहेत. स्मरणशक्ती अफाट, पण ती कुठं लागली आहे ते बघा. तेव्हा सगळ्याच करामतींची आरती ओवाळायची नाही. पण जिच्यात कोणाची निंदा नाही, कोणत्या जीवाला त्रास नाही, तिच्याकडं आपण ज्या तोऱ्यात 'वेळ घालवणं' म्हणून बघतो, तो तोरा मला पटत नाही.

इथं एखादी अभ्यासू मैत्रीण नक्की म्हणेल की, हा तर अनर्थदंड झाला. श्रावकाच्या बारा व्रतांतलं आठवं व्रत, अनर्थदंड विरमण, म्हणजे विनाकारण गोष्टी टाळायच्या. तर त्या शब्दातला 'दंड' विसरू नका. व्रत ज्याला मना करतं ती विनाकारण केलेली हिंसा. त्याचे चार प्रकार आपण प्रतिक्रमणात म्हणतोच: अपध्यान, प्रमादाचरण, हिंसाप्रदान, पापकर्मोपदेश. येता-जाता झाडाचं पान तोडणं, नळ उगाच वाहता ठेवणं, हा अनर्थदंड. मनातल्या मनात शब्द उलटा म्हणण्यानं कोणाला दंड झाला? हां, कुतूहलापोटी खेळ-तमाशे बघत बसणं हे शास्त्रकारांनी प्रमादात धरलं आहे, तो मुद्दा मला मान्य. त्या तमाशाकडं मी पुढं येणारच आहे.

आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. त्या सामायिकेला बसल्या की घड्याळाकडं बघत नाहीत. आणि ४८ मिनिटं झाली की सांगतात, झाली. मी तीन-चारदा मुद्दाम मोबाइलवर बघितलं आहे, फरक पडला तर एखाद्या मिनिटाचा. त्या तरी सामायिक पारण्याआधी दुसरीला विचारूनच घेतात, कारण व्रतात अंदाज चालत नाही. म्हणजे या विद्येचा खरोखर काहीच फायदा नाही. मी विचारलं, "मावशी, कसं कळतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "अगं, माहेरी स्थानकात वाळूची घडी होती. लहानपणी मी ती बघत बसायचे. ती अजून पडते आत." एवढंच. पुढं सांगायला त्यांच्याकडं काही नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

आता माझ्या नणंदेच्या मुलीकडं येते. दहा वर्षांची आहे. तिला शब्द उलटे म्हणता येतात. अक्षर उलटं लिहिणं नाही, ऐकलेला शब्द क्षणात मागून पुढं. कोथरूडचं डरूथको. डहाणूकरचं रकणूहाड. मेट्रोत बसलो तर वनाजचं जनाव. (या शेवटच्यावर डब्यातले एक काकासुद्धा हसले होते.) घरात सगळे म्हणायचे, काय हा वेडेपणा!

पण हा वेडेपणा आपल्याकडं जुना आहे आणि मानाचा आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या सामायिकेच्या पिशवीत अनानुपूर्वीची छोटी पुस्तिका असेल. आपण तिला नुसतं आनुपूर्वीही म्हणतो. ज्यांनी ती आजीच्या हातात पाहिली पण स्वतः उघडली नाही, त्यांच्यासाठी सांगते. आत गोष्टी नाहीत, स्तवनं नाहीत, फक्त आकड्यांची कोष्टकं आहेत. नवकाराच्या पाच पदांना पाच आकडे दिले आहेत: १ म्हणजे अरिहंत, २ सिद्ध, ३ आचार्य, ४ उपाध्याय, ५ साधू. पहिल्या ओळीत १ २ ३ ४ ५. दुसऱ्या ओळीत २ १ ३ ४ ५, म्हणजे आधी सिद्धांचं पद, मग अरिहंतांचं. तिसरी १ ३ २ ४ ५. चौथी ३ १ २ ४ ५. एका कोष्टकात सहा ओळी, अशी वीस कोष्टकं, एकूण १२० ओळी. पाच पदं जितक्या क्रमांनी मांडता येतात तितके सगळे क्रम, एकही सुटलेला नाही, एकही दोनदा आलेला नाही. शेवटची ओळ ५ ४ ३ २ १.

अनुयोगद्वार सूत्रात याची नावं आहेत. सरळ क्रम ती पूर्वानुपूर्वी, पूर्ण उलटा ती पश्चानुपूर्वी, आणि उरलेले सगळे विस्कटलेले क्रम ती अनानुपूर्वी. किती, तेही सांगितलं आहे: सगळे आकडे एकमेकांनी गुणायचे आणि त्यातून दोन वजा करायचे. पाच पदांचे १२० क्रम, त्यात एक सरळ, एक उलटा, राहिले ११८. सहा द्रव्यांचे ७२० मधून दोन गेले, ७१८. अकरावीला आमच्या मुलांच्या पुस्तकात 'क्रमचय' म्हणून जे येतं आणि ज्यासाठी पौड रोडवर क्लासला हजारो रुपये भरावे लागतात, ते आपल्या आज्या सामायिकेत बोटानं फिरवत होत्या.

आणि कशासाठी? मंत्राचा क्रम बदलल्यानं मंत्र जास्त फळतो म्हणून नव्हे. नवकार आपल्याला इतका पाठ असतो की तोंड म्हणत राहतं आणि मन कुकरच्या शिट्ट्या मोजत बसतं. क्रम मोडला की तोंडाला एकट्याला जमत नाही, मनाला यावंच लागतं. हा सगळा खटाटोप एवढ्यासाठी, उपयोग टिकावा म्हणून. माझ्या भाचीचं 'डरूथको' आणि पश्चानुपूर्वी एकच आहे असं मी म्हणत नाही, एकात नवकार आहे आणि दुसऱ्यात बसस्टॉप. पण मनाची जी शीर ताणावी लागते ती तीच आहे. ज्या मुलीला ही शीर जन्मतः सापडली आहे, तिला वेडी म्हणायचं?

उपयोगाचा प्रश्न जन्मभर ज्यांच्या पाठीशी लागला असेल अशा एका माणसाची इथं आठवण काढते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. आपल्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, तिथं असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवलं. मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक. देवळाली म्हटलं की आपल्याला सॅनिटोरियम आठवतं, हवापालट आठवतो. तिथं हे गुरुजी आकड्यांशी खेळत बसायचे. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं.

त्यांचा एक खेळ तुम्ही आत्ता करू शकता. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्याचे अंक मोठ्यापासून लहान असे मांडा, मग लहानापासून मोठे असे मांडा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या आकड्याचं पुन्हा तेच. मी कोथरूडच्या ४११०३८ या पिनकोडमधले शेवटचे चार अंक घेतले, १०३८. मग ८३१० मधून ०१३८ गेले, ८१७२. ८७२१ मधून १२७८ गेले, ७४४३. ७४४३ मधून ३४४७, राहिले ३९९६. ९९६३ मधून ३६९९, ६२६४. ६६४२ मधून २४६६, ४१७६. ७६४१ मधून १४६७, झाले ६१७४. आता ६१७४ चं हेच केलं तर पुन्हा ६१७४ च येतं, पुढं हलायचं नाव नाही. तुम्ही कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पावलांत इथंच येता. हे कापरेकरांना १९४९ मध्ये सापडलं. आज जगभर या आकड्याला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या प्रसिद्ध सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा कुठं बाहेर नाव झालं. गुरुजी तेव्हा सत्तरीचे होते.

आणखी एक त्यांचा प्रकार मला फार आवडतो, हर्षद संख्या. ज्या आकड्याला त्याच्याच अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जातो तो हर्षद, म्हणजे आनंद देणारा. नाव त्यांनीच ठेवलेलं. मी एकदा आपलेच आकडे घेऊन बसले. माळेचे मणी १०८: अंकांची बेरीज ९, बारानं भाग गेला. सामायिकेची ४८ मिनिटं: बेरीज १२, चार. २४ तीर्थंकर: बेरीज ६, चार. ६३ शलाकापुरुष: बेरीज ९, सात. ८४ लक्ष योनींतले ८४: बेरीज १२, सात. सगळे हर्षद! मग म्हटलं आपली ३२ आगमं बघू, तर बेरीज ५, भाग जात नाही. तेव्हा यात चमत्कार वगैरे काही नाही, लहान आकड्यांत हर्षद पुष्कळ सापडतात. व्हॉट्सॲपवर 'आपल्या धर्मातील गूढ विज्ञान' म्हणून फिरवू नका बाई. पण भाजी शिजेपर्यंत मी काय मजेत होते ते मला माहीत.

आणि हे नुसतं कापरेकरांचं नाही. त्यांच्या अकराशे वर्षं आधी, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, आपले महावीराचार्य झाले. दिगंबर परंपरेतले मोठे गणिती, ग्रंथाचं नाव गणितसारसंग्रह. १९६३ मध्ये त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानं छापली. व्याज, वाटणी, सोन्याचा कस, खड्ड्यातली माती असलं सगळं व्यवहाराचं गणित त्यात आहेच. पण मधेच आचार्य काही गुणाकार देतात, ज्यांचं उत्तर पुढून आणि मागून सारखंच वाचता येतं. त्यांना ते गळ्यातल्या हाराची उपमा देतात. १३९ गुणिले १०९ म्हणजे १५१५१. १५२२०७ गुणिले ७३ म्हणजे १११११११११ नव्हे, आठच एकं, ११११११११. आणि एक हार असा की १ पासून ६ पर्यंत चढत जातो आणि परत १ पर्यंत उतरतो, १२३४५६५४३२१. कापरेकरांनी याच जातीच्या आकड्यांना 'डेमलो संख्या' म्हटलं, डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून! एक हार मान्यखेटच्या राजाच्या काळात ओवलेला, एक डोंबिवलीचा. या हारांचा व्यापारात काय फायदा? काही नाही. आचार्यांनी ते तरी ग्रंथात घेतले. मुनी असून हाराची उपमा सुचली त्यांना, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता दुसऱ्या बाजूला येते. 'उपयोग काय' या प्रश्नापेक्षा आजकाल मला त्याच्या उत्तराची जास्त भीती वाटते.

पूर्वी आई म्हणायची, काय हा वेडेपणा, आणि कामाला लागायची. मूल आपलं करत राहायचं. आता आई म्हणते, अरे वा, टॅलेंट आहे! आणि मूल संपतं. माझ्या भाचीचं तेच झालं. एका हौशी कार्यक्रमात तिचं नाव घातलं गेलं. तीन आठवडे घरात तयारी. रोज तिला शब्द देऊन वेळ मोजायची. सोपे, मग अवघड, मग जोडाक्षरांचे. कार्यक्रमात पाठीमागं ढणढण संगीत, समोर दिवे, निवेदकानं लोकांकडून शब्द मागितले. सात तिनं बरोबर सांगितले, आठव्याला अडली. लोक हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. बक्षीस एका नाचाला गेलं. त्याला सहा महिने झाले. आता मेट्रोत बसली की ती खिडकीतून बघते, पण स्टेशनांची नावं उलटी होत नाहीत. विचारलं तर म्हणते, "मी विसरले मामी." असं कोणी विसरतं का?

आपल्याकडं याची मोठी गोष्ट आहे आणि ती बायकांचीच आहे. स्थूलिभद्रस्वामींच्या सात बहिणी: यक्षा, यक्षदत्ता, भूता, भूतदत्ता, सेना, वेणा, रेणा. नंद राजाचे मंत्री शकटाल यांच्या या मुली. यक्षाला एकदा ऐकलं की पाठ, यक्षदत्ताला दोनदा ऐकलं की, अशा चढत्या क्रमानं सातवीला सात वेळा. घरातल्या घरात केवढी मजा असेल त्या सात जणींची! हेमचंद्राचार्यांनी परिशिष्टपर्वात पुढचं सांगितलं आहे. वररुची रोज नवे १०८ श्लोक करून राजाकडून बक्षीस नेत होता. शकटालांना ते खुपलं. त्यांनी राजाला सांगितलं, हे श्लोक जुनेच आहेत, माझ्या मुलींनाही येतात. मुली पडद्यामागं बसवल्या. वररुचीनं म्हटले, यक्षेनं ऐकून म्हटले. आता यक्षदत्तेचं दोनदा ऐकून झालं, तिनं म्हटले. असं सातवीपर्यंत. वररुची खोटा ठरला. खोटा नव्हता तो, श्लोक त्याचेच होते.

आपण प्रवचनात ही गोष्ट ऐकतो तेव्हा स्मरणशक्तीवर वाहवा करतो आणि पुढं जातो. पण पुढंच खरी गोष्ट आहे. वररुचीनं सूड उगवला. शकटाल राजाला मारून मुलाला गादीवर बसवणार अशी अफवा त्यानं पोरांच्या तोंडी घातली. राजाला संशय आला. कुळ वाचावं म्हणून शकटालांनी आपल्याच मुलाला, श्रीयकाला, भर दरबारात आपलं डोकं उडवायला सांगितलं आणि त्यानं ते उडवलं. इतकं सगळं झालं ते मुलींच्या एका खेळाचा बापानं 'उपयोग' केल्यापासून. मुलींना कोणी विचारलं होतं का, पडद्यामागं बसता का म्हणून? त्या सातही जणींनी नंतर दीक्षा घेतली. आणि त्याच बहिणी साध्वी म्हणून भेटायला आल्या तेव्हा स्थूलिभद्रांना विद्या दाखवायचा मोह झाला, ते सिंह होऊन बसले. भद्रबाहुस्वामींनी पुढचा पाठ थांबवला. शेवटची चार पूर्वं अर्थासह त्यांना मिळालीच नाहीत. विद्येत दोष नव्हता. ती दाखवली, तिथं गाडी अडली.

अलीकडचं उदाहरण श्रीमद् राजचंद्रांचं. १८८७ मध्ये मुंबईला फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधान केले, एका वेळी शंभर गोष्टी ध्यानात ठेवून दाखवल्या. वय १९. वर्तमानपत्रांतून नाव झालं, सुवर्णपदक मिळालं, युरोपात जाऊन प्रयोग करा असा आग्रह झाला. ते गेले नाहीत. उलट थोड्याच दिवसांत त्यांनी हे जाहीर प्रयोग सोडून दिले, आत्म्याच्या वाटेत ते आडवे येतात म्हणून. स्मरणशक्ती गेली नव्हती. १८९१ मध्ये गांधीजी विलायतेहून परतले, तेव्हा येत होते तेवढे सगळे परभाषेतले शब्द त्यांनी श्रीमदांना सांगून पाहिले. श्रीमदांनी ते त्याच क्रमानं परत म्हटले. गांधीजींनी आत्मकथेत प्रामाणिकपणे लिहिलं आहे की त्या शक्तीचा हेवा वाटला, पण ते तिच्यावर भुलले नाहीत. भुलले ते शास्त्राच्या ज्ञानावर, शुद्ध आचरणावर आणि आत्मदर्शनाच्या तळमळीवर.

आजही आपल्याकडं साधू-साध्वी अवधान करतात, मुलं ते बघून अभ्यासाला लागतात, त्याबद्दल मला बोलायचं नाही. तो अधिकार माझा नाही. आणि ज्या बहिणीला मेंदीच्या किंवा रांगोळीच्या हातावर घर चालवायचं आहे तिनं जरूर चालवावं, तिथं संकोच कसला! मी बोलते आहे ते आपल्यासारख्या खाऊन-पिऊन सुखी घरांतल्या मुलांबद्दल, ज्यांच्या प्रत्येक चाळ्याचं आपण लगेच प्रमाणपत्र करायला निघतो. रुबिकचा ठोकळा सोडवतो? क्लास. आकडे लक्षात राहतात? ॲबॅकस, त्याच्या पातळ्या, त्याची राज्यस्तरीय स्पर्धा. पक्ष्यासारखी शीळ घालतो? रील. मान कषाय आपण मोठ्यांनी कमावला तो कमावला, तो मुलांना दहाव्या वर्षी का द्यायचा?

मुलाच्या हातात असं काही दिसलं तर एकच विचारावं, "कसं करतोस रे?" त्याला सांगता आलं तर ऐकावं. नाही आलं तर सोडून द्यावं.

सुट्ट्या लागल्या आहेत. अनानुपूर्वीची पुस्तिका घरात असेल तर मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवा. 'ही म्हण' असं सांगू नका, आकडे बघून ती आपणहून विचारतील. एखादं मूल न बघता दोन-तीन कोष्टकं म्हणायला लागलं, तर पाहुण्यांसमोर उभं करू नका. मलाही व्हिडिओ पाठवू नका.